चहाआधीचा अर्धा तास

हलमध्ये डिसेंबरात उजाडतं आठला,
तेही नाराजीनंच.
शर्वरी खिडकीच्या काचेवरचं पाणी टॉवेलनं टिपते.
मी पांढरी गोळी जिभेवर ठेवतो,
पेलाभर पाणी पितो,
घड्याळाकडे बघतो.
अर्धा तास चहा नाही.

वय एकोणतीस.
बंदराजवळच्या कारखान्यात पवनचक्क्यांची पाती तपासतो.
ऐंशी ऐंशी मीटरची, आडवी पडलेली,
बोटीची वाट बघणारी.
टॉर्च मारायचा, बोटांनी टकटक करायची,
आवाज पोकळ आला की खडूनं गोल.
वरून न दिसणारी चीर मला सापडते.
पगारच त्याचा.

स्वतःभोवती गोल काढायला चौदा महिने लागले.

आधी म्हणालो, दमलोय.
मग म्हणालो, थंडी आहे. खरंच वाजायची,
जुलैतसुद्धा पायांत मोजे.
मग म्हणायचंच सोडलं.
ती झोपेपर्यंत भांडी घासत राहायचो,
घासलेलीच पुन्हा.
तिनं एकदा पिस्ता रंगाचा गाऊन आणला,
चार दिवसांनी लेबलासकट परत केला.
पावती सापडली मला.
कारणाच्या रकान्यात लिहिलेलं: मापात नाही.
मापात होता. मी पाहिला होता.

बाबा फोनवर अजून सांगतात,
आपलं रक्त मोडेन पण वाकणार नाही असलं.
मी न मोडता वाकत होतो, बाबा,
आणि त्यासाठी कुठल्याच पोवाड्यात ओळ नाही.

डॉक्टर हेब्डनबाईंना सांगितलं:
थकवा, गळणारे केस, बद्धकोष्ठ.
उरलेलं सांगितलं दाराच्या मुठीवर हात गेल्यावर,
इंग्रजीत, चार शब्दांत,
दुसऱ्या कुणाचा निरोप द्यावा तसं.
त्या हसल्या नाहीत. बसा म्हणाल्या.
मागे उभ्या राहून गार बोटं गळ्यावर टेकवली,
हातात पाणी दिलं. गिळा.
ते मला जमतं.
इतके मूग गिळलेत या गळ्यानं.

रक्ताचा आकडा आला अठ्ठेचाळीस,
जिथं पाचाच्या आत हवा.
गळ्यातली ग्रंथी संपावर गेलेली
आणि मी बडतर्फ करायला निघालो होतो
भलत्याच कामगाराला.

इंग्रजीत सांगून झालं होतं.
मराठीत सांगायचं होतं अजून.
मराठीत त्याला एक शिवी आहे,
रुळांकडेच्या भिंतींवर लाल रंगातलं ‘निराश होऊ नका’ आहे,
आणि व्याकरणाचं एक पान.
घरी जाताना बसमध्ये आपटेबाई आठवल्या, पाचवी ब.
नपुंसकलिंगी नामं सांगा.
आम्ही शब्दालाच खिदळलो, मग ओरडायला लागलो:
ते घर! ते पाणी! ते रक्त! ते मूल!
मागच्या बाकावरून इरफान पटवेकर म्हणाला, ते प्रेम.
वर्ग फुटला हसून.
बाईंनी वळून फळ्यावर लिहिलं,
बाकीच्यांच्याच ओळीत, त्याच अक्षरात.

शर्वरीला सांगितलं ते एकही नाम न वापरता.
ते होत नाही ना, त्याचं कारण सापडलंय.
ती फ्रिजला टेकून उभी.
मग म्हणाली, मला वाटत होतं मीच.
मग म्हणाली, चौदा महिने?
आणि सोफ्यावरची उशी उचलून मला मारली,
दोनदा, नीट नेम धरून.

गोळीला वेळ लागतो.
सहा आठवड्यांनी पुन्हा सुई,
पन्नासाची पंचाहत्तर झाली.
कधी होतं, कधी नाही.
नाही झालं तर दिवा घाईनं बंद करत नाही आम्ही,
गप्पा मारतो, कुणाची तरी उणीदुणी काढतो.
मोजे अजून आहेत.

सकाळी तीही अर्धा तास थांबते.
तू घे ना, मी म्हणतो.
एकटीनं घेतला की पांचट लागतो, म्हणते,
आणि आलं किसायला लागते, वेळेच्या फार आधी.

अजून अकरा मिनिटं.